आमच्या व्याह्यांच्या तबकड्या

आमचे व्याही जगातल्या घरांचे दोनच प्रकार मानतात. ज्या घरात शाहिरांची तबकडी आहे ते घर, आणि ज्या घराच्या माळ्यावर ती असू शकते ते घर. तिसऱ्या प्रकारचं घर त्यांना अजून भेटलेलं नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असा माळा, पोटमाळा किंवा कोनाडा क्वचितच असेल, ज्याच्याकडे त्यांनी मान वर करून आशेनं पाहिलेलं नाही. देवळात गेले तरी ते आधी वर बघतात. लोकांना वाटतं, कळसाला नमस्कार करताहेत.

माझी त्यांची ओळखही माळ्यापासूनच सुरू झाली. आपल्या मुलासाठी ते आमची मुलगी पाहायला सांगलीला आले होते. कोरेगावाकडची ऊसवाली मंडळी, त्यात हे गृहस्थ फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आणि मिशा अशा की चहा पिताना बशीनंच जपून राहावं. आम्ही मुलीकडचे, त्यामुळे माझी आधीच गाळण उडालेली. पोहे झाले, मुलीनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. ते प्रत्येक गोष्टीला "बरं, बरं" म्हणत होते आणि नजर मात्र छताला लागलेली. छताची ओल पाव्हण्यांना दिसली असं वाटून माझी बायको बेचैन झाली. शेवटी त्यांनी घसा खाकरला. आता देण्याघेण्याची बोलणी निघणार म्हणून मी सावरून बसलो. "पाव्हणं," ते म्हणाले, "माळ्यावर काय हाय?" अडगळ आहे, असं मी सांगितलं. "शिडी हाय का?"

मुलीकडच्यांनी शिडी नाही म्हणायची नसते. मी शिडी लावली, आणि मुलाचे वडील अंगातला कोट काढून, खांद्यावर रुमाल टाकून आमच्या माळ्यावर चढले. बराच वेळ वरून धूळ, शिंका आणि पत्र्याच्या डब्यांचे आवाज येत राहिले. आम्ही वडीलधारे शिडी धरून उभे, तेव्हा खाली बसलेले मुलगा-मुलगी पहिल्यांदा मोकळेपणानं एकमेकांशी बोलले. खरं लग्न जमलं ते तेव्हाच. मिशांना जळमटं लावून व्याही खाली उतरले आणि खिन्न चेहऱ्यानं मान हलवून म्हणाले, "न्हाई." माझ्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मग सगळे आपल्याकडे असे का बघताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. "आवं, तबकडी न्हाई म्हणतोय मी. पोरगी पसंत हाय की. ती तर दारातच पसंत पडली हुती."

तबकड्या म्हणजे रेकॉर्डी, आणि त्याही सगळ्यांच्या नाहीत. आमच्या भागात एक शाहीर होऊन गेले. गाणी स्वतः रचायचे, चाली स्वतः बांधायचे आणि डफावर थाप मारून स्वतःच गायचे. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्याच्या पुढंमागं कुठली विशेषणं लावायची याबद्दल व्याह्यांची मतं फार कडक आहेत आणि एखादं राहिलं तर आमच्या मुलीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. या शाहिरांच्या तबकड्या एके काळी गावोगावच्या लग्नांत, जत्रांत आणि साखर कारखान्याच्या मोळीपूजनाला कर्ण्यावर वाजत. पुढं कॅसेट आली, मग सीडी आली, मग सगळंच मोबाइलमध्ये गेलं, आणि शाहीर मात्र स्पीकरवाल्यांच्या पेट्यांमध्ये तळाला राहून गेले. त्यांना तिथून बाहेर काढायचं काम आपल्याला नेमून दिलं आहे, अशी व्याह्यांची ठाम समजूत आहे. फौजेतला माणूस, नेमून दिलेल्या कामाबद्दल प्रश्न विचारत नाही.

आणि काम काही सोपं नाही. गाणं वाजायचं बंद झालं तरी आमच्याकडची माणसं वस्तू टाकून देत नाहीत, तिला दुसऱ्या कामाला लावतात. त्यामुळे व्याह्यांना शाहीर कुठं भेटतील याचा नेम नसतो. एक तबकडी कबुतरांच्या खुराड्याला दार म्हणून लावलेली होती. एक घड्याळ होऊन भिंतीवर बसली होती, तिचे काटे उतरवायला घरमालकांची तासभर मनधरणी करावी लागली. शिराळ्याला एका म्हातारीच्या लोणच्याच्या बरणीवर एक झाकण म्हणून सापडली. म्हातारी झाकण द्यायला तयार, पण तेवढ्याच मापाचं दुसरं हवं म्हणाली. व्याही बाजारात गेले, माप घेऊन ताटली आणली, आणि तबकडी मिळवली. ती अजूनही वाजवली की खोलीत मोहरीचा वास येतो. कुणी नाक मुरडलं तर ते म्हणतात, "शाहीर बारा वर्सं लोनच्यावर बसल्यात. वास यायचाच." एसटीतून तबकडी आणताना ती ते खिडकीशी ठेवतात आणि स्वतः अलीकडे बसतात. कंडक्टरनं एकदा विचारलं, "आबा, ही जागा कुणाची?" तर म्हणाले, "शाहिरांची." कंडक्टरही याच भागातला. त्यानं पुढचं तिकीट फाडलं.

घरी आणलेल्या तबकडीचे सोपस्कार बाळंतिणीच्या वरताण असत. रिठ्याच्या पाण्यानं आंघोळ, मऊ धोतराच्या फडक्यानं अंग पुसणं, मग सावलीत खाटेवर वाळवणं. एका उन्हाळ्यात मात्र घोटाळा झाला. विहीणबाईंनी शेजारच्या खाटेवर पापड घातले होते. व्याही उसाला पाणी द्यायला गेले, आणि ऊन सरकलं तशी कुणीतरी पापडांबरोबर तबकड्यांचीही खाट भाबडेपणानं उन्हात ओढली. संध्याकाळी पापड कडक झाले होते आणि शाहीर कडांनी वर वळले होते. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. आमच्या व्याह्यांनी तबकड्या दोन जाड काचांमध्ये घातल्या, वर पाटा ठेवला, त्यावर जोंधळ्याचं पोतं ठेवलं आणि पोत्यावर आल्यागेल्याला बसवायला सुरुवात केली. त्या दिवसांत मी त्यांच्याकडे गेलो की मला खुर्ची मिळत नसे. "पाव्हणं, तुमी तिकडं बसा. तुमचं वजन चांगलं हाय." आश्चर्य म्हणजे त्या तबकड्या वाजतात. आवाज जरा चढावरून जाणाऱ्या बैलगाडीसारखा येतो, पण शब्द कळतात.

गळा त्यांना देवानं दिलेला नाही, पण हौस भरपूर दिली आहे. तबकडीवर जिथं चरा आहे तिथं पिन अडकते आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. व्याही गाणं तसंच शिकले आहेत. आमच्या नातवाच्या बारशाला त्यांनी शाहिरांचं गाणं म्हटलं. "उगवली पहाट, उगवली पहाट, उगवली पहाट" असं करत राहिले, मग मांडीवर हळूच एक थाप मारली, म्हणजे पिन पुढं सरकली, आणि थेट चौथ्या कडव्यावर उतरले. मधली दोन कडवी त्यांच्या तबकडीवर खरवडून गेलेली होती. पुढं त्याच गाण्याची स्वच्छ तबकडी त्यांना कऱ्हाडकडे मिळाली. ती ऐकताना त्यांचा चेहरा पडत गेला. "ह्यात काय तरी गडबड हाय," ते म्हणाले, "पहाट एकदाच कशी उगवली?"

इतक्या तबकड्या जमल्या, पण ज्या एकीसाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला ती मात्र बरीच वर्षं हाती लागत नव्हती. ती त्यांच्या लग्नात वाजलेली तबकडी. लग्न विहीणबाईंच्या माहेरी, शिराळ्याकडच्या एका गावात होतं. वऱ्हाड पोचलं तेव्हा कर्ण्यावर शाहिरांचं एक नवं गाणं लागलं होतं. त्या गाण्यात लग्नाला थोडेच दिवस झालेले असताना एक शिपाईगडी मोहिमेवर जातो. बायको वाट बघत राहते. एके दिवशी वेशीतून टापा ऐकू येतात, ती धावत जाते, आणि पहिली बाजू संपता संपता शाहीर आवाज चढवून विचारतात, "घोडा वळखला गं बाई, पर स्वार कोण?" उत्तर दुसऱ्या बाजूला. स्पीकरवाला तबकडी उलटणार तोच भटजींनी हाक दिली, मंगलाष्टकं सुरू झाली. तबकडी काढून पेटीवर ठेवली होती. व्याह्यांचे थोरले चुलते चहाची भरलेली किटली घेऊन वऱ्हाडाला चहा पाजत हिंडत होते. त्यांना ती काळी चकती किटली टेकवायला फार सोयीची वाटली. अक्षता पडल्यावर किटली उचलली तेव्हा शाहिरांची वाटी झाली होती. मधलं भोक बुजवून त्या वाटीतून पुढं कित्येक वर्षं घरच्या कोंबड्या पाणी पीत.

त्यानंतर व्याही फौजेत परत गेले आणि जाताना एसटीच्या दारात नव्या बायकोला विचारून बसले, "तुमच्या गावात तबकडी वाजत असंल. त्या गान्यात फुडं काय झालं? त्योच आला का दुसराच कुनी?" विहीणबाई म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. या तुमी, मग सांगते." पहिल्या सुट्टीला आले तेव्हा सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या सुट्टीला व्याह्यांनीच त्यांना थांबवलं. तेव्हा त्यांची पलटण सरहद्दीवर होती. "आता ऱ्हाऊ दे. नोकरी संपल्यावर सांग," ते म्हणाले. शिपाईगडी परतला की नाही हे शिपायानं सुट्टी संपताना ऐकू नये, एवढं त्यांना कळत होतं. नोकरी संपली, मिशा पिकल्या, तरी ते राहिलंच. पुढं तर तो घरातला चेष्टेचा विषय झाला. नवराबायकोचं वाजलं आणि व्याही हट्टाला पेटले की विहीणबाई शांतपणे म्हणत, "सांगू का शेवट?" लगेच हे दोन्ही कानांवर हात ठेवून ओसरीवर जात. शेवट ऐकायचा तर शाहिरांच्याच तोंडून, असा त्यांचा हट्ट होता. एवढं मोठं हत्यार हाती असलेली दुसरी बायको मी पाहिलेली नाही.

विहीणबाईंबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्या कामाला वाघ, पण व्याही गावाला निघाले की हातातलं काम अर्धं टाकून उठत. मेथी निवडत असल्या तर जुडी अर्धी निवडून सूप बाजूला सारत. व्याही दोन दिवसांनी तबकडी घेऊन उगवले की मग ती वाळलेली मेथी निवडायला बसत. नवऱ्याच्या भटकंतीचा राग त्या मेथीवर काढतात, असा माझा समज होता.

मागच्या वर्षी व्याह्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि सांगलीच्या डॉक्टरांनी बायपास करायची, फार लांबवू नका, असं सांगितलं. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी चार दिवस ते आमच्याकडे राहायला आले. आणि नेमका त्याच वेळी शिरवळहून एका म्हाताऱ्या स्पीकरवाल्याचा फोन आला. त्याचा मुलगा आता डीजे चालवतो, जुनी पेटी अडगळीत निघाली आहे, तुमच्या शाहिरांचं ते घोड्याचं गाणं तिच्यात दिसतंय. व्याह्यांनी लगेच चपला घातल्या. घरात सगळ्यांनी विरोध केला. सगळ्यांत जास्त विहीणबाईंनी. त्या कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी दाराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "तबकडी काय पळून जातीय व्हय? बरं झाल्यावर जावा." व्याही म्हणाले, "म्या पळून गेलो तर?" शेवटी मी गाडी काढली, आणि त्यांना मागच्या सीटवर रेलून बसवून शिरवळला घेऊन गेलो.

स्पीकरवाल्याच्या अंगणात, शेजारच्या एका कारखान्याच्या भिंतीकडेला, त्यानं ती तबकडी लावली. शाहिरांचा आवाज आला तसे व्याही नवरदेवासारखे ताठ बसले. टापा वाजल्या, वेस आली, "स्वार कोण?" हा प्रश्न आला आणि पहिली बाजू संपली. स्पीकरवाल्यानं तबकडी उलटायला हात पुढं केला. व्याह्यांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. ही बाजू आपरेशन झाल्यावर." ज्या क्षणासाठी माणूस उभं आयुष्य माळे धुंडाळत हिंडला, तो हातात आल्यावर त्यानं रुमालात बांधून ठेवला. मला त्यांचा राग आला आणि भरूनही आलं. येताना साताऱ्यापर्यंत त्यांनी त्या रुमालाची गाठ मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

विहीणबाईंनी तबकडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि आमच्या देवघरात ठेवली. ऑपरेशनच्या सकाळी व्याह्यांना आत न्यायची वेळ आली. त्यांनी मिशा काढायला नकार दिला होता. छातीच्या ऑपरेशनचा मिशांशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगूनही त्यांचा विश्वास बसला नव्हता. तेवढ्यावरून आम्ही सगळे उसनं हसत होतो. ढकलगाडी दारापाशी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "शेवट सांगू नगंस हां." त्या म्हणाल्या, "न्हाई सांगत. या तुमी, मग ऐकू." दार बंद झालं. त्या बाकावर बसल्या, पिशवीतून नातवाचं विणायला घेतलेलं टोपडं काढलं, अर्धं विणलेलं, आणि ते मांडीवर घेऊन तसंच धरून बसल्या. सुई काही चालवली नाही.

व्याही बरे झाले. इतके बरे झाले की आठवड्याभरात आमच्या माळ्याबद्दल पुन्हा चौकशी करू लागले. मग एका सकाळी, अंगणात ऊन आलं असताना, आम्ही प्लेअर बाहेर मांडला. पहिली बाजू ऐकली. व्याह्यांनी स्वतःच्या हातानं तबकडी उलटली आणि पिन टेकवली. शाहीर पुन्हा सुरू झाले, आणि त्यांनी काय करावं? घोड्याचं वर्णन आरंभलं. घोड्याची आयाळ, घोड्याचं खोगीर, घोड्याच्या पायातली चांदी. बाजू अर्धी सरली तरी स्वाराचा पत्ता नाही. शाहिरांवर जीव टाकणारे व्याहीसुद्धा पुटपुटले, "आटपा की आता." शेवटी अगदी कडेला पिन आल्यावर शाहीर भानावर आले, घाईघाईनं स्वाराला खाली उतरवलं. दाढी वाढलेली, ओळखू न येणारा, पण तोच. तिनं काही विचारलं नाही, पायांवर तांब्याभर पाणी घातलं. संपलं.

पिन नुसतीच खरखरत होती. मग विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आला म्हणायचा."

व्याही त्यांच्याकडे वळले. "म्हंजी? तुला म्हाईत न्हवतं?"

"मला कुठनं म्हाईत आसंल? आमच्या गावात तेवढी एकच तबकडी आली हुती. त्याच्यावर तुमच्या चुलत्यानं किटली ठिवली."

"आन् इतकी वर्सं सांगू का, सांगू का म्हणून भ्या घालत हुतीस?"

मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. त्यांच्या माहेरी घरोघर कुणी ना कुणी फौजेत. माणूस सुट्टी संपवून निघाला की बायका घरात काहीतरी मुद्दाम अर्धं ठेवतात. कुणी वाकळेचे टाके अर्धे सोडतं, कुणी निवडणं अर्धं ठेवतं. माणूस परत आला की पुरं करायचं. "मी तवा नवी नवरी. माझं तुमच्या घरात काय हुतं अर्धं ठिवायला? तुमी एसटीच्या दारात इचारलंत, म्या म्हणलं हेच ठिवावं. आन् मला मनातनं लय वाटायचं, त्यो दुसराच कुनीतरी आसनार. म्हणून म्या बी कवा कुनाला इचारलं न्हाई."

सूपातली वाळलेली मेथी तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि मी उगाच उठून प्लेअर बंद केला. व्याह्यांनी तबकडी उचलून हातात घेतली. ऑपरेशननंतर माणूस हळवा होतो म्हणतात, पण ते रडले नाहीत. फक्त धास्तावल्यासारखे म्हणाले, "मग आता काय गं अर्धं ऱ्हायलं?"

विहीणबाईंनी विचार केला. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू न देता त्या म्हणाल्या, "ह्या गान्याचा फुडला भाग बी हाय म्हणं. दुसऱ्या तबकडीवर. शिराळ्याला ऐकला हुता म्या."

आता त्याला बरेच महिने झाले. डॉक्टरांनी प्रवास जपून करायला सांगितलं आहे, आणि व्याही ते जपून करतात, म्हणजे शाहिरांना अलीकडे बसवून खिडकी आता स्वतः घेतात. पुढल्या भागाचा शोध जोरात चालू आहे. मागच्या खेपेला मी कोरेगावला गेलो तेव्हा ते शिराळ्याला निघाले होते. फाटकापाशी त्यांना गाठून मी हळू आवाजात विचारलं की, आबा, तो स्वार तर घरी पोचला, पाय धुतले, मग पुढला भाग कशाचा असणार? त्यांनी मागं वळून ओसरीकडे एक नजर टाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हणं, मला का कळत न्हाई व्हय? पर गड्या, कुनीतरी अर्धं ठिवतंय तवर जाऊन यायला बरं वाटतं." मग त्यांनी पिशवी काखेत मारली, घराकडे तोंड करून "येतो गं" म्हणून हाक दिली आणि स्टँडकडे चालू लागले. फौजी माणूस, छाती शिवलेली असली तरी चाल तीच.

खरं सांगतो, त्या नवराबायकोचा मला हेवा वाटतो. मी जन्मभर सांगलीत हळदीची पेढी सांभाळली, कुठं फारसा गेलो नाही, त्यामुळे माझ्यासाठी कुणी काही अर्धं ठेवायची कधी वेळ आली नाही. अलीकडे मात्र कुणाच्या घरी गेलो की मीही आधी माळ्याकडे बघतो. परवा बायकोनं विचारलं की, छताला काय लागलंय. मी म्हटलं, काही नाही. त्या दिवशी कोरेगावला व्याही वळणाआड होईपर्यंत मी फाटकात उभा होतो. परत फिरलो तेव्हा ओसरीवर विहीणबाईंनी मेथीची जुडी अर्धी निवडून सूप बाजूला सारलं होतं, आणि त्या माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या होत्या.